टायरेसियसला भविष्य दिसू लागलं ते स्त्री झाल्यामुळे नव्हे

ग्रीक पुराणकथांबद्दल एक मजकूर बराच फिरतो. शब्द दर वेळी थोडे बदलतात, गाभा तोच राहतो. तो असा: प्राचीन ग्रीक लोक लिंगभाव प्रवाही असणाऱ्यांना देवाच्या जवळचं मानत. पुरुष आणि स्त्री अशी दोन्ही आयुष्यं जगलेल्यालाच भविष्य दिसतं, अशी त्यांची श्रद्धा होती. थीब्जचा टायरेसियस सात वर्षं स्त्री होऊन राहिला म्हणूनच तो सगळ्यांत मोठा द्रष्टा झाला. त्या काळात तो हेरा देवीची पुजारीण होता आणि मँटो ही मुलगी त्याच्याच पोटी जन्मली. डेल्फीच्या अपोलोच्या देवळात कौल देणारी पिथिया याच परंपरेतली. आणि ख्रिस्ती धर्म आल्यावर हे सगळं पुसलं गेलं.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू बहुतेक वेळा चांगला असतो. तृतीयपंथी आणि परालिंगी माणसांची आज जी हेटाळणी होते, तिला उत्तर म्हणून इतिहासात आधार शोधला जातो. यल्लम्माचे जोगते ज्यांनी पाहिलेत, त्यांना तर हे चटकन पटतं. पण खोटा आधार पहिल्या धक्क्याला कोसळतो आणि ज्यांच्यासाठी उभा केला त्यांच्याच अंगावर पडतो. म्हणून एकेक विधान मूळ ग्रंथांशी ताडून पाहू.

"दोन्ही आयुष्यं जगल्यामुळेच त्याला भविष्य दिसू लागलं"

ही कथा सगळ्यांत जास्त वाचली जाते ती ओव्हिड या रोमन कवीने इ.स. 8 च्या सुमारास लिहिलेल्या ‘मेटामॉर्फसीस’च्या तिसऱ्या खंडातून. घटनांचा क्रम नीट पाहायला हवा, कारण सगळा घोळ तिथेच होतो.

हिरव्यागार रानात दोन मोठे साप जुगताना टायरेसियसला दिसतात. तो त्यांना काठीने मारतो आणि स्त्री होतो. सात वर्षं जातात. आठव्या वर्षी तेच साप पुन्हा दिसतात. तुम्हाला मारल्याने मारणाऱ्याचं रूप पालटत असेल तर पुन्हा मारतो, असं म्हणून तो मुद्दाम काठी चालवतो आणि पुरुष होतो. इथवर भविष्यकथनाचा मागमूस नाही. पुढे कधीतरी झ्यूस आणि हेरा यांच्यात (ओव्हिडच्या लॅटिनमध्ये ज्युपिटर आणि जुनो) वाद रंगतो की शरीरसुखात जास्त आनंद कोणाला, बाईला की पुरुषाला. दोन्ही अनुभवलेला माणूस एकच, म्हणून टायरेसियसला बोलावतात. तो झ्यूसच्या बाजूने कौल देतो: बाईला. हेरा संतापते आणि त्याला आंधळा करते. एका देवाने केलेलं दुसऱ्या देवाला फिरवता येत नाही, म्हणून झ्यूस गेलेल्या दृष्टीच्या बदल्यात त्याला भविष्याचं ज्ञान देतो.

म्हणजे लिंगबदलामुळे टायरेसियस साक्षीदार म्हणून लायक ठरला. साक्षीमुळे डोळे गेले. भविष्यज्ञान मिळालं ते डोळ्यांची भरपाई म्हणून. मजकुरात पहिली कडी आणि शेवटची कडी थेट जोडली जाते आणि मधल्या दोन गाळल्या जातात. स्त्री असताना, त्या सातही वर्षांत, टायरेसियसने एकही भविष्य सांगितल्याचा उल्लेख ओव्हिडकडे नाही.

आणखी एक गोष्ट. ओव्हिडच्या कथेत टायरेसियस रूप मागत नाही. रूप त्याच्यावर येऊन आदळतं आणि पहिली संधी मिळताच तो जुन्या रूपात परततो. याला प्रवाही लिंगभाव म्हणणं ओढूनताणून आहे. स्वतः रूप मागून घेणारी व्यक्ती ग्रीक कथांत आहे, पण ती दुसरी. थेसलीची केनिस हिच्यावर समुद्रदेव पोसायडन बळजबरी करतो आणि मग वर माग म्हणतो. हे पुन्हा माझ्या वाट्याला येऊ नये म्हणून मला पुरुष कर, असं ती सांगते. ती केनियस होते, शस्त्राने न भेदता येणारा योद्धा. शेवटी सेंटॉर, म्हणजे अर्धे माणूस आणि अर्धे घोडे असलेले प्राणी, त्याला झाडांच्या खोडांखाली गाडून मारतात. केनियसला भविष्यज्ञान मिळत नाही. या मजकुरात त्याचं नाव सहसा दिसत नाही, याचं वाईट वाटतं, कारण लिंगबदलाची खरी तळमळ त्याच्याच कथेत आहे.

मराठी वाचकाला इथे महाभारत आठवेल. अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना जवळपास हाच प्रश्न विचारतो आणि भीष्म राजर्षी भंगाश्वनाची कथा सांगतात. इंद्राच्या कोपामुळे तो एका सरोवरात स्नान करताना स्त्री होतो. पुरुष असताना शंभर मुलगे, स्त्री असताना आणखी शंभर. इंद्र त्यांच्यात भांडण लावतो, ते एकमेकांना मारतात. पुढे इंद्र प्रसन्न होऊन कोणते मुलगे जिवंत करू म्हणून विचारतो, तेव्हा भंगाश्वन स्त्रीरूपात झालेले मुलगे मागतो, आणि पुढेही स्त्रीच राहू दे म्हणतो. सुख जास्त कोणाला, याचं उत्तर दोन्ही कथांत एकच आहे. भविष्यज्ञान मात्र भंगाश्वनाला मिळत नाही. सुखाचा प्रश्न आणि त्रिकालज्ञान या वेगळ्या गोष्टी आहेत, हे शेजारी ठेवून वाचलं की लगेच कळतं.

"ग्रीकांची टायरेसियसची कथा हीच"

हीच नाही. ती एक नव्हतीच. अपोलोडोरसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, इ.स.च्या पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या कथासंग्रहात टायरेसियस आंधळा कसा झाला याची तीन कारणं एकापाठोपाठ दिली आहेत. पहिलं: देव जे लपवू पाहत होते ते त्याने माणसांना सांगितलं. दुसरं, इ.स.पू. पाचव्या शतकातल्या फेरेकिडीसच्या हवाल्याने: त्याने अथेनाला विवस्त्र पाहिलं आणि तिने त्याच्या डोळ्यांवर हात ठेवले. तिसरं, हेसिऑडच्या नावावर असलेल्या एका हरवलेल्या काव्यावरून: सापांची कथा, आर्केडियातल्या किलीनी डोंगरावर घडलेली.

दुसऱ्या कारणाकडे लक्ष द्या. टायरेसियसची आई करिक्लो ही अप्सरा अथेनाची मैत्रीण. ती मुलाची दृष्टी परत दे म्हणून गयावया करते. अथेनाला ते जमत नाही. ती त्याचे कान शुद्ध करते, त्यामुळे त्याला पक्ष्यांची भाषा कळू लागते, आणि डोळसासारखं चालता यावं म्हणून काठी देते. इ.स.पू. तिसऱ्या शतकात कॅलिमाकसने अथेनाच्या स्नानावर स्तोत्र रचलं, त्यात हीच कथा हेलिकॉन डोंगरावरच्या झऱ्याकाठी, भर दुपारी घडते. भरपाई म्हणून अथेना भविष्यज्ञान, काठी, दीर्घ आयुष्य आणि मेल्यावरही शाबूत राहणारी बुद्धी देते. या कथेत साप नाहीत, स्त्रीरूप नाही. भविष्यज्ञान मात्र पूर्ण आहे. लिंगबदल काढून टाकला तरी द्रष्टा उभा राहतो. आंधळेपण काढलं तर कथाच उरत नाही.

होमरकडे तर यातलं काहीच नाही. ‘ओडिसी’त ओडिसियस मृतांच्या प्रदेशात जातो, खड्ड्यात बळीचं रक्त सोडतो, टायरेसियस सोन्याचा दंड घेऊन येतो, रक्त पितो आणि सूर्याच्या गुरांना हात लावू नकोस असं बजावतो. इतर मृतात्मे सावल्यांसारखे भिरभिरतात, याचीच बुद्धी पाताळाची राणी पर्सेफोनीने शाबूत ठेवली आहे. स्त्री झाल्याचा उल्लेख नाही. सोफोक्लीजच्या ‘अँटिगनी’ आणि ‘इडिपस’मध्ये नाही, युरिपिडीजच्या ‘बाकाए’त नाही. अथेन्सच्या रंगभूमीवर हजारो लोकांनी जो टायरेसियस पाहिला, तो हात धरून चालवणाऱ्या पोराबरोबर येणारा आंधळा म्हातारा होता.

आणि त्याला भविष्य कळतं कसं? ‘अँटिगनी’त तो स्वतः सांगतो, आणि ते इतकं तपशीलवार आहे की एखाद्या कारागिराने आपलं काम समजावून सांगावं. शकुन पाहायच्या आपल्या जुन्या बैठकीवर तो बसलेला असतो. पक्ष्यांचा कलकलाट नेहमीपेक्षा वेगळा, रानटी ऐकू येतो. पंखांच्या फडफडीवरून त्याला कळतं की ते नखांनी एकमेकांना फाडताहेत. तो घाबरून लगेच दुसरी कसोटी लावतो: वेदीवर बळी जाळून पाहणं. आग धरतच नाही. मांड्यांवरची चरबी पेट घेण्याऐवजी वितळून राखेवर ठिबकते, धुमसते, तडतडते. पित्त फुटून हवेत उडतं. हाडं उघडी पडतात. आंधळ्याला हे सगळं तो मुलगा बघून सांगतो. कारणही टायरेसियस देतो: अँटिगनीचा भाऊ पॉलिनायकिस याचं प्रेत उघड्यावर टाकलंय, कुत्र्यांनी आणि पक्ष्यांनी त्याचं मांस वेद्यांवर आणलंय, म्हणून देव यज्ञ स्वीकारत नाहीत. एक चिन्ह बिघडलं की दुसऱ्याने पडताळायचं, मग कारण शोधायचं. ही शिकलेली विद्या आहे.

"सात वर्षं, हेराची पुजारीण, मँटोची आई"

सात वर्षं हा ओव्हिडचा आकडा, तो बरोबर. हेराची पुजारीण ही भर ओव्हिड, अपोलोडोरस किंवा ही कथा नोंदवणारे हायजिनस आणि फ्लेगॉन हे जुने लेखक, यांपैकी कोणाकडेही सापडत नाही. मँटो टायरेसियसची मुलगी हे खरं. पण तो स्त्री असताना तिला त्याने जन्म दिला, असं यातलं कोणी सांगत नाही. सुखाची ‘एकास नऊ’ (पुरुषाला एक वाटा, बाईला नऊ) ही वाटणी फ्लेगॉनकडे आहे. हेसिऑडच्या नावावरच्या ओळीत पुरुषाला दहातला एक वाटा आणि बाईला दहाच्या दहा.

टायरेसियसचं सात वेळा रूप पालटल्याची एक लांबलचक कथाही आहे. त्यात तो मुळात मुलगी असतो आणि शेवटी उंदीर होतो. ती युस्टाथियस या 12व्या शतकातल्या टीकाकाराने नोंदवली. होमरपासून ती जवळपास दोन हजार वर्षं दूर आहे, तेव्हा तिच्यावरून प्राचीन ग्रीकांची श्रद्धा सांगणं बादरायण संबंध जोडण्यासारखं आहे.

"द्रष्टा व्हायला दोन्ही रूपं जगावी लागत"

हे तपासायचा मार्ग सोपा आहे. ग्रीक द्रष्ट्यांची यादी करायची आणि लिंग पालटलेल्यांची दुसरी. मग किती नावं दोन्हीकडे आहेत ते पाहायचं.

द्रष्टे: कॅल्कस, मेलॅम्पस, अँफियारॉस, पॉलिइडस, हेलेनस, कसँड्रा, फिनियस, इयामस, मॉप्सस, मँटो. लिंग पालटलेले: केनियस, क्रीटमधल्या फेस्टसचा ल्युकिपस, ओव्हिडची इफिस. दोन्ही याद्यांत बसणारं नाव एकच, टायरेसियस. एका नावावरून नियम निघत नाही.

नियम शोधायचाच असेल तर तो सापांच्या वाटेने सापडतो. मेलॅम्पसच्या नोकरांनी ओकच्या झाडातले साप मारले, तेव्हा त्याने त्या सापांना अग्नी दिला आणि पिल्लं वाढवली. मोठी झाल्यावर तो झोपलेला असताना ती दोन्ही खांद्यांशी उभी राहिली आणि जिभांनी त्याचे कान साफ केले. जागा झाला तो पक्ष्यांची भाषा समजत. हेलेनस आणि कसँड्रा लहानपणी देवळात झोपलेले असताना सापांनी त्यांचेही कान चाटल्याची कथा आहे. इयामसला तर सापांनी मध पाजून वाढवलं. डेल्फीत अपोलोने पायथन हा महासर्प मारून जागा घेतली. आता टायरेसियसचे साप पुन्हा पाहा. जमिनीखालचं रहस्य जाणणाऱ्या प्राण्याला त्याने नको त्या वेळी दुखावलं. ग्रीक श्रोत्याचं लक्ष आधी तिकडे गेलं असेल असं आम्हाला वाटतं, आणि आजच्या वाचकाच्या हातून नेमका तोच धागा सुटतो.

दुसरा धागा हिरावलेल्या दृष्टीचा. फिनियस आंधळा. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस अपोलोनिया गावच्या एव्हेनियसची हकीकत देतो: सूर्याच्या पवित्र मेंढ्यांवर रात्रीचा पहारा त्याच्याकडे होता, त्याला झोप लागली, लांडग्यांनी साठेक मेंढ्या मारल्या. गावाने शिक्षा म्हणून त्याचे डोळे काढले. मग मेंढ्या वितेनात, जमीन पिकेना. देवांच्या कौलातून कळलं की शिक्षा अन्यायाची होती, आणि देवांनी भरपाई म्हणून त्याला भविष्यज्ञान दिलं. टायरेसियसच्या कथेचा सांगाडा हाच आहे.

पुराणातून प्रत्यक्ष इतिहासात उतरलं की चित्र आणखी साधं होतं. शकुन सांगणं हा धंदा होता आणि तो बहुतेकदा घराण्यात चाले. इयामिडी, क्लिटिआडी ही नामांकित घराणी. इ.स.पू. 479 मध्ये प्लॅटियाच्या लढाईत स्पार्टाच्या बाजूने शकुन पाहणारा टिसामेनस इयामिडी घराण्यातला, एलिसचा. आधी त्याने स्पार्टाकडे पूर्ण नागरिकत्व मागितलं, आणि त्यांनी टाळाटाळ केल्यावर भावालाही द्या म्हणून भाव वाढवला. घराणं नसेल तर ग्रंथ चालत. अथेन्सच्या इसॉक्रेटिसने लिहिलेल्या एका न्यायालयीन भाषणात पोलेमायनेटस नावाचा शकुनी आपली शकुनशास्त्राची पुस्तकं मित्राला, थ्रासिलसला देऊन जातो, आणि थ्रासिलस गावोगाव फिरून त्यावर चांगला पैसा करतो. वंश, पुस्तक, सराव. लिंग पालटण्याची अट कुठेच नाही.

"डेल्फीची पिथिया"

पिथियाच्या अंगात अपोलो येई, म्हणजे बाईत पुरुष, म्हणजे प्रवाही लिंगभाव, असा हा तर्क. पण अंगात येणं म्हणजे लिंग पालटणं नव्हे, हे आपल्याकडे अंगात येताना पाहिलेल्या कोणालाही सांगावं लागू नये.

पिथिया बाई होती आणि बाईच असावी लागे. ग्रीक इतिहासकार डिओडोरस सांगतो की आधी कुमारिका नेमत. थेसलीच्या एकेक्राटिसने एकीला पळवून नेऊन तिच्यावर बळजबरी केली, तेव्हापासून पन्नाशी उलटलेली बाई नेमायची असं ठरलं, पण पोशाख मात्र कुमारिकेचाच ठेवला. म्हणजे कपड्यांनी ओलांडलेली रेषा वयाची आहे. ग्रीक लेखक प्लुटार्क स्वतः डेल्फीचा पुजारी होता. त्याच्या काळची पिथिया गरीब शेतकऱ्याच्या घरची, कुठलीही विद्या न शिकलेली, नीटनेटकं आयुष्य जगलेली बाई होती.

कौल लावायची रीतही तोच सांगतो. आधी बकरीवर पाणी शिंपडायचं. ती खुरांपासून सर्वांगाने थरथरली तर देव तयार, नाहीतर कौल नाही. एकदा दूरचे पाहुणे आले होते, बकरी थरथरेना. पुजाऱ्यांनी तिच्यावर पाणी ओतओतून तिला जवळजवळ बुडवलं तेव्हा कुठे ती हलली. पिथिया नाखुशीने आत गेली. पहिल्या उत्तरापासूनच तिचा आवाज घोगरा झाला, मग ती किंचाळत दाराकडे धावली आणि कोसळली. पुजारी आणि पाहुणे पळाले. काही दिवसांत ती वारली. प्लुटार्कच्या मते चूक एकच झाली: चिन्ह नकाराचं असताना जबरदस्ती केली. म्हणूनच तो सांगतो की पिथियाला पुरुषसंगापासून दूर आणि बाहेरच्या संपर्कापासून अलिप्त ठेवतात. स्त्रीपणाभोवतीचं कुंपण इथे घट्ट केलेलं आहे.

इतर ठिकाणी पुरुष होते. क्लॅरोसच्या देवस्थानात पुजारी गुहेत उतरून झऱ्याचं पाणी पिई आणि पद्यात उत्तर देई. डोडोनाला होमरच्या काळी पाय न धुणारे, जमिनीवर निजणारे सेली नावाचे पुजारी. हिरोडोटसच्या काळी तीन पुजारिणी, ज्यांची नावंही त्याने दिली आहेत. प्रत्येक देवस्थानाची आपली प्रथा. कुठे बाई, कुठे पुरुष. दोन्ही असलेली एकच व्यक्ती हवी, असा नियम कुठे दिसत नाही.

मग यात काहीच खरं नाही का?

आहे, आणि ते नीट सांगायला हवं.

बाईसारखं राहणारे आणि भविष्य सांगणारे पुरुष हिरोडोटसला माहीत होते. ते ग्रीक नव्हते, सिथियन होते, काळ्या समुद्राच्या उत्तरेच्या गवताळ प्रदेशातले. त्यांना तो एनारीस म्हणतो आणि त्यांची रीत देतो: लिंडेन झाडाच्या सालीची पट्टी घ्यायची, तिचे तीन भाग चिरायचे, ते बोटांभोवती गुंडाळत आणि सोडवत भविष्य बोलायचं. ही विद्या आम्हाला ॲफ्रोडाइटीने दिली, असं ते सांगत. पण ग्रीक लेखक त्यांच्याकडे कसे पाहतात? हिरोडोटस म्हणतो, अस्कलॉनचं देऊळ लुटल्याबद्दल देवीने दिलेला हा बायकी रोग. हिपॉक्रेटीसच्या परंपरेतला एक वैद्य म्हणतो, सिथियन लोक त्यांना मानतात, घाबरून पाया पडतात. पण हा दैवी कोप नाही, कारण तसं असतं तर यज्ञ न परवडणाऱ्या गरिबांना जास्त झाला असता, आणि होतो तो सतत घोड्यावर बसणाऱ्या श्रीमंतांना. हा मजकूर ग्रीकांच्या नावावर जी श्रद्धा खपवतो, ती खरं तर त्यांच्या शेजाऱ्यांची होती.

ग्रीकांच्या स्वतःच्या धर्मात लिंगभेद ओलांडणारे विधी होते. सायप्रसला दाढी असलेल्या ॲफ्रोडाइटीला बळी देताना पुरुष बायकांचे आणि बायका पुरुषांचे कपडे घालत. अर्गोसला वर्षातून एकदा अशाच अदलाबदलीचा सण होता. फेस्टसला ल्युकिपसच्या रूपांतराची आठवण म्हणून ‘एक्डिसिया’ हा सण होता. तिथे लेटो देवीने आईच्या विनवणीवरून मुलीचा मुलगा केला होता. हर्माफ्रोडायटस हा देवच उभयलिंगी, त्याला हार घालत. 1995 मध्ये बोडरम, म्हणजे जुनं हॅलिकार्नासस, इथे सापडलेल्या शिलालेखात तर त्याला विवाहसंस्था घडवणारा म्हटलं आहे. हे सगळं जपण्याजोगं आहे. भविष्यकथन मात्र यातल्या कशाशीच जोडलेलं नाही.

"अशा माणसांना देवाजवळचं मानत"

इथे हा मजकूर सर्वांत जास्त नुकसान करतो. हर्माफ्रोडायटसबद्दल लिहिताना डिओडोरस दोन मतं देतो. काहींच्या मते तो देव, अधूनमधून माणसांत प्रकट होणारा. काहींच्या मते असे जन्म म्हणजे उत्पात, म्हणजे निसर्गाबाहेरची चिन्हं, क्वचित होणारे, आणि ते भविष्य सूचित करतात, कधी वाईट तर कधी चांगलं. भविष्य हा शब्द इथे आला खरा, पण अर्थ उलटा आहे. ही माणसं शकुन वाचत नव्हती. त्यांनाच शकुन म्हणून वाचलं जात होतं.

वाचल्यावर काय होई, ते रोमच्या नोंदींत आहे. इ.स.पू. 207 मध्ये इटलीतल्या फ्रुसिनो गावी एक मूल जन्मलं, चार वर्षांच्या पोराएवढं मोठं, मुलगा की मुलगी ते ठरेना. एट्रुरियाहून शकुनी बोलावले. त्यांनी सांगितलं की जमिनीचा स्पर्श न होता ते रोमन हद्दीबाहेर जायला हवं. मुलाला जिवंतपणी पेटीत घातलं, समुद्रात नेलं आणि टाकलं. मग 27 कुमारिकांनी शहरातून स्तोत्र गात फिरायचं ठरलं. इ.स.पू. 171 मध्ये कॅसिनमच्या एका मुलीचा मुलगा झाला, त्याला ओसाड बेटावर सोडलं. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुरुवातीला रोमजवळ एका उभयलिंगी व्यक्तीला जिवंत जाळलं. डिओडोरस सांगतो की लवकरच अथेन्समध्येही तसंच घडलं. ख्रिस्ती धर्माचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

ख्रिस्ती धर्माने हे पुसलं, हे विधानही म्हणून अर्धवट आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती सम्राटांनी देवळं आणि कौल बंद केले, हे खरं. पण जाळल्याची ती हकीकत आपल्यापर्यंत पोचली ती नवव्या शतकातल्या फोटियसने डिओडोरसमधून उतारे काढून ठेवले म्हणून, आणि फोटियस कॉन्स्टँटिनोपलचा मुख्य धर्मगुरू होता. सात रूपांची कथा नोंदवणारा युस्टाथियस थेस्सलोनिकीचा आर्चबिशप.

त्याच उताऱ्यांत डिओडोरसने एपिडॉरसच्या कॅलोची हकीकत दिली आहे. अनाथ, मुलगी म्हणून वाढलेली, एका नागरिकाशी लग्न होऊन दोन वर्षं संसार केलेली. जांघेजवळ सूज आली, ताप आणि असह्य वेदना. वैद्यांनी हात लावायला नकार दिला. एका औषधविक्याने सूज चिरली, आत पुरुषाचं इंद्रिय सापडलं, आणि त्याने पुढचे उपचार करून जखम बरी केली. आजारी बाई घेतली आणि निरोगी तरुण परत दिला, म्हणून त्याने दुप्पट पैसे मागितले. कॅलोने मागाचे धोटे बाजूला ठेवले, पुरुषाचा पोशाख घेतला, नावाच्या शेवटी एक ‘न’ जोडला आणि कॅलॉन झाला. डिओडोरस असल्या हकीकती मुद्दाम लिहितो, लोकांच्या मनातली भीती जावी म्हणून, आणि हा निसर्गाचाच खेळ आहे, उत्पात नव्हे, असं बजावतो. कॅलोबद्दल तो शेवटी एक ऐकीव गोष्ट जोडतो: रूप पालटण्याआधी ती डिमिटर देवीची पुजारीण होती, आणि पुरुषांनी पाहू नये ते पाहिलं म्हणून पुढे कॅलॉनवर धर्मद्रोहाचा खटला भरला गेला.